भिंतीवरचा बर्फ

फ्रीजरचं दार उघडा.

फ्रीज जुना, एका दाराचा असेल तर उत्तम. आतल्या भिंतींवर बोटभर जाडीचं हिम साचलं असेल, मटारची पिशवी त्यात अर्धी रुतून बसली असेल. नखानं थोडं खरवडा आणि तो पांढरा भुगा तळहातावर घ्या. या हिमाकडे तुम्ही आजवर एक कटकट म्हणूनच पाहिलंत. महिन्यातून एकदा डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं, खाली ताटली ठेवायची, फडक्यानं पुसायचं आणि विसरून जायचं.

आता फ्रीजच्या मागच्या काळ्या जाळीपाशी या. मेकॅनिक ‘गॅस गेलाय, भरावा लागेल’ म्हणतो, तो गॅस या नळ्यांतून फिरतो. जुन्या फ्रीजमध्ये तो बहुतेक सीएफसी-१२ असायचा, फ्रीऑन या नावानं ओळखला जाणारा. वास नाही, विष नाही, पेटत नाही. असा गुणी गॅस ‘गेला’ म्हणजे नेमका कुठे गेला, हे मेकॅनिकला कुणी कधी विचारलं नाही. तुम्हीही नाही.

आज त्याच्या मागावर जायचंय. तळहातावरचं हिम मात्र सांडू नका. वाटेत ते लागणार आहे.

हॅली बे, अंटार्क्टिका : ऑक्टोबर १९८४

पहिल्या श्वासालाच नाकातले केस ताठ होतात. उणे वीसच्या आसपास असावं. पायाखाली जमीन नाहीच. समुद्रावर तरंगणाऱ्या ब्रंट हिमपट्ट्यावर तुम्ही उभे आहात. साडेतीन महिन्यांची रात्र ऑगस्टमध्ये संपली. सूर्य आता क्षितिजाच्या थोडा वर रेंगाळतोय आणि त्याच्या उजेडात बर्फ डोळ्यांना टोचतो.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या या तळावर एक लांबलचक, बाकाएवढी धातूची पेटी आहे. तिचं नाव डॉब्सन स्पेक्ट्रोफोटोमीटर. सूर्यप्रकाश आत घ्यायचा, त्यातल्या अतिनील किरणांचे दोन रंग वेगळे करायचे, एक ओझोन भरपूर शोषतो तो आणि दुसरा कमी शोषतो तो, आणि दोघांची तुलना करायची. डोक्यावर किती ओझोन आहे ते त्यावरून कळतं. १९५७ च्या सुमारास इथे हे मोजमाप सुरू झालं, तेव्हा ऑक्टोबरचा आकडा ३०० एककांच्या घरात असायचा. म्हणजे डोक्यावरचा सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणून पसरला, तर तीन मिलिमीटरचा थर. दोन रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवलीत, तर साधारण तेवढाच.

आज पेटीतला आकडा २०० च्या खाली आहे. गेल्या वर्षीही घसरला होता, त्याआधीही. सर्व्हेचे जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन हे तिघे आकडे पुन्हा पुन्हा तपासतायत. मे १९८५ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून येतील आणि जग दचकेल.

संशयित तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तुमच्या फ्रीजमधून निसटलेला गॅस खालच्या हवेत कशाशीच भांडत नाही. तो वर्षानुवर्षं वर चढत राहतो आणि शेवटी कडक अतिनील किरणांत फुटून त्यातला क्लोरीन मोकळा होतो. मारियो मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ मध्येच हे सांगून ठेवलं होतं. पण त्यांच्या हिशेबानुसार नुकसान व्हायचं ते चाळीस किलोमीटर उंचीवर आणि सावकाश. इथे तर बारा ते वीस किलोमीटरच्या पट्ट्यात, वसंताच्या चार-सहा आठवड्यांत, पृथ्वीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात ओझोन गायब होतोय.

त्या उंचीवर क्लोरीन मोकळा नसतोच. तो दोन मुदतठेवींत अडकलेला असतो. एक ठेव हायड्रोजन क्लोराइडची, दुसरी क्लोरीन नायट्रेटची. दोन्ही ओझोनच्या बाबतीत निरुपद्रवी. या दोघांची आपसात गाठ पडली, तर ठेवी मोडून क्लोरीन हातात येईल. पण हवेत हे दोन रेणू एकमेकांवर कितीही आदळले तरी काहीच होत नाही.

मग क्लोरीन सुटला कसा? कुठेतरी पाणी मुरतंय.

तळहाताकडे बघा. तुम्ही ते पाणी बरोबरच आणलंय.

कागदावरचं वर्ष : १९८६

इथे फार थांबायचं नाही. या वर्षी तुम्ही फक्त नियतकालिकांची पानं उलटताय.

सुसान सॉलोमन, रोलँड आणि त्यांचे सहकारी म्हणतात : ध्रुवाच्या हिवाळी रात्रीत, वीस किलोमीटर उंचीवरही विरळ ढग तयार होतात. ठेवी मोडण्याचं काम त्या ढगांतल्या कणांच्या पृष्ठभागावर होत असेल. वर्षाअखेरीस पॉल क्रुट्झन आणि फ्रँक आर्नोल्ड एक पाऊल पुढे जातात. ओवेन टून आणि त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे तेच सांगतात : ते ढग नुसत्या बर्फाचे नसावेत, त्यांत नायट्रिक आम्ल गोठलेलं असावं.

तर्क देखणा आहे. पण तर्कावर कुणी कारखाने बंद करत नाही. ढग वीस किलोमीटरवर, तापमान उणे ऐंशीच्या आसपास, काळोख. तिथे हात कोण घालणार? म्हणून ढगाचा एक तुकडा जमिनीवर, काचेच्या नळीत तयार करायचा ठरतो.

पॅसडिना, कॅलिफोर्निया : १९८७

बाहेर सॅन गेब्रिएलचे डोंगर उन्हात करडे पडलेत. तुम्ही जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत आहात. अवकाशयानांसाठी नावाजलेली जागा, पण या खोलीत यान वगैरे काही नाही. पंपांची घरघर आहे, काचेच्या नळ्या आहेत आणि थंड केलेल्या भागांवर बाहेरून साचलेलं दव आहे.

मोलिना इथे १९८२ मध्ये आले. विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून आले, कारण त्यांना स्वतःच्या हातानं प्रयोग करायचे होते. मेक्सिको सिटीत लहानपणी त्यांनी घरातल्या एका फारशा न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमचीच प्रयोगशाळा केली होती. तो मुलगा अजून या माणसात शाबूत आहे. लुइसा मोलिना, ताय-ली त्सो आणि फ्रँक वांग बरोबर काम करतायत.

इथली गंमत कळायला आधी या धंद्यातली एक चीड माहीत हवी. वायूंच्या अभिक्रियांचा वेग मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचा जन्माचा वैरी म्हणजे भिंत. दोन वायू नळीत सोडले की त्यांनी एकमेकांशी हवेतच बोलावं अशी त्याची इच्छा. पण रेणू जाऊन भिंतीला चिकटतात, तिथे भलतंच काहीतरी होतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून नळ्या धुवायच्या, घासायच्या, आतून टेफ्लॉनसारखे लेप द्यायचे आणि तरीही जे उरेल त्याला ‘भिंतीचा परिणाम’ म्हणून हिशेबातून वजा करायचं. मोलिना दांपत्य आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये याच दोन ठेवींच्या वायूंची गाठ घालून पाहिली होती. भिंत बाजूला ठेवली तर हवेतली अभिक्रिया इतकी मंद निघाली, की फक्त ‘याहून वेगवान नाही’ एवढीच मर्यादा सांगता आली.

या वेळी ते उलट करतायत. भिंतच नळीत आणून बसवतायत.

जवळ या. नळी थंड केलीय, सुमारे उणे त्र्याहत्तर अंशांपर्यंत. आता तिच्यातून पाण्याची वाफ घेतलेला हेलियम वाहू लागतो. काही क्षण काहीच दिसत नाही. मग काचेच्या आतल्या बाजूला धुरकट पांढरेपणा चढतो. फ्रीजरमध्ये जे आपोआप आणि नकोसं होतं, ते इथे मुद्दाम, मोजून केलं जातंय. नळीच्या मध्यातून दुसरी बारीक नळी जाते आणि ती पुढेमागे सरकवता येते. ती मागे ओढली की तिच्यातून सुटणाऱ्या वायूला बर्फाचा लांब पट्टा भेटतो, पुढे ढकलली की आखूड. नळीच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर बसलाय. पलीकडून जे बाहेर येईल त्याचं रेणूरेणूनं वजन करणारा.

आता लहान व्हा. रेणूएवढे.

तुम्ही क्लोरीन नायट्रेट आहात. हेलियमच्या वाऱ्यात वाहत येताय आणि तुमच्या चारही बाजूंना पांढरी भिंत आहे. पहिल्या खेपेला ती भिंत निव्वळ बर्फाची आहे. तुम्ही आदळता आणि परतता. पुन्हा आदळता, पुन्हा परतता. शंभरांतून साधारण दोनदा बर्फ तुम्हाला पकडतो आणि पाण्याशी तुमची अभिक्रिया होते. त्यातून बनलेलं हायपोक्लोरस आम्ल नळीच्या टोकाशी पोचतं, पण रेंगाळत, मिनिटं लावून.

दुसऱ्या खेपेला कुणीतरी आधी हायड्रोजन क्लोराइड सोडलाय. गोठताना बर्फ परक्यांना बाहेर ढकलतो असं आपण शिकलोय. मीठ घातलेलं पाणी गोठताना मीठ मागे पडतं. पण हायड्रोजन क्लोराइड या बर्फात सहज मुरतो. पाण्याच्या हजार रेणूंमागे तीन ते दहा, एवढा. पाहुणा भिंतीत लपून बसलाय आणि तुम्हाला ते माहीत नाही. तुम्ही आदळता, आणि या वेळी शंभरांतून पाच ते दहा वेळा परत येत नाही. पापणी अर्धी मिटण्याआधी, फार तर काही मिलिसेकंदांत, भिंतीतून क्लोरीनचा जोडरेणू बाहेर उडतो.

परत माणसाएवढे व्हा आणि मास स्पेक्ट्रोमीटरपाशी चला. क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, ३५ आणि ३७, म्हणून त्यांच्या जोड्यांच्या रेषा ७०, ७२ आणि ७४ वर येतात. ही त्रिकुटाची सही आहे, ती नक्कल करता येत नाही. अभिक्रियेचं दुसरं अपत्य, नायट्रिक आम्ल, मात्र बाहेर येतच नाही. ते बर्फातच राहिलं.

भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो. या भिंतीला हात आहेत. चांगदेव वाघावर बसून आला तेव्हा ज्ञानेश्वरांनी निर्जीव भिंत चालवली ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. अचेतन म्हणून वजा केलेली वस्तू अचानक चालू लागते, तेव्हा पाहणाऱ्याचं काय होतं ते या खोलीत कळतं. इतकी वर्षं जो ‘भिंतीचा परिणाम’ हिशेबातून काढून टाकला जात होता, तोच आकाशातला खरा हिशेब निघाला.

नायट्रिक आम्लाचं बर्फात अडकून राहणंही साधं नाही. क्लोरीन एकदा मोकळा झाला की हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड त्याला पकडून पुन्हा क्लोरीन नायट्रेटच्या ठेवीत घालू शकला असता. पण ज्या नायट्रोजनपासून तो पोलीस तयार व्हायचा, तो आम्ल होऊन ढगात कोंडला गेलाय. म्हणजे एकाच भिंतीनं चोराला सोडलं आणि पोलिसाला डांबलं. मग वसंतातला पहिला सूर्य उगवतो, क्लोरीनची जोडी फोडतो आणि एकेक अणू ओझोनच्या हजारो रेणूंचा फडशा पाडत सुटतो.

इथून उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेन्लो पार्कमध्ये, मार्गारेट टोलबर्ट, मिशेल रॉसी, रिपुदमन मल्होत्रा आणि डेव्हिड गोल्डन हे वेगळ्याच उपकरणानं हाच प्रश्न विचारतायत. त्यांची थंड पृष्ठभागाची पेटी आणखी गार आहे, उणे अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. उत्तर तेच येतं. दोन्ही निबंध ‘सायन्स’च्या २७ नोव्हेंबर १९८७ च्या एकाच अंकात छापले जातील.

पुंता अरेनास, चिली : १६ सप्टेंबर १९८७

तो अंक निघायला अजून दोन महिने आहेत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वारा अंगावर येतोय. धावपट्टीवर नासाचं ईआर-२ विमान उभं आहे, लांब पंखांचं आणि एकाच माणसाचं. तुम्ही त्याच्या पोटात बसलाय असं समजा.

अठरा किलोमीटर. खाली अंटार्क्टिका. विमान ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेच्या भोवऱ्याच्या कडेशी येतं आणि दोन रेषा एकमेकींच्या उलट वळतात. जेम्स अँडरसन यांच्या उपकरणात ओझोन फोडताना क्लोरीनपासून बनणारा क्लोरीन मोनॉक्साइड चढतो, ओझोन उतरतो. एक खाचखळगा इकडे, तर तोच आरशातल्यासारखा तिकडे. याच मोहिमेतल्या डेव्हिड फाहे यांच्या मोजमापांत नायट्रोजनही आटलेला दिसतो. पॅसडिनाच्या काचेच्या नळीत जे झालं, तेच इथे खंडभर पसरलंय.

त्याच दिवशी माँट्रियलमध्ये सीएफसी कमी करण्याच्या करारावर सह्या होतायत. तो करार फक्त निम्म्यावर आणायचा आहे. पूर्ण बंदीचा निर्णय १९९० मध्ये लंडनला होईल, आणि तोपर्यंत नळीतला आणि विमानातला पुरावा सगळ्यांच्या टेबलावर असेल. भारत १९९२ मध्ये त्यात सामील होईल.

मिनिआपोलिस, अमेरिका : १९८८

आता एक वेगळीच शंका. पॅसडिनात भिंत बर्फाची होती. पण आकाशात भिंत नेमकी कशाची आहे? क्रुट्झन म्हणाले नायट्रिक आम्लाची. ती कधी, किती थंडीत उभी राहते?

मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड हॅन्सन आणि कॉनराड माउअर्सबर्गर बसलेत. शेजारून मिसिसिपी वाहते. इथल्या हिवाळ्याला उणे अठरा म्हणजे काही विशेष नाही. तुमच्या फ्रीजरचंही मानक तापमान तेवढंच. नायट्रिक आम्ल आणि पाणी वजनानं चोपन्नास शेहेचाळीस या प्रमाणात घ्या आणि गार करा. उणे साडेअठरा अंशांना ते पांढरं, घट्ट होतं. एक रेणू आम्ल, त्याला तीन रेणू पाणी. याला नायट्रिक ॲसिड ट्रायहायड्रेट म्हणतात. या शाखेतले लोक लाडानं ‘नॅट’ म्हणतात. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. तुमच्या फ्रीजरमध्ये तो अर्ध्या अंशानं हुकतो.

पण बाटलीतलं आम्ल आणि आकाशातलं आम्ल यांत जमीन-अस्मानाचा फरक. शब्दशः. वीस किलोमीटरवर दहा लाख रेणूंमागे पाण्याचे पाचच असतात. नायट्रिक आम्लाचे तर शंभर कोटींमागे दहा. आम्लाचा दाब म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाचा दोनशे कोटींवा भाग. इतक्या गरिबीत नॅट किती थंडीला टिकेल?

ते मोजायचं म्हणजे आधी त्या थंडीत नॅटचा तुकडा ठेवायचा आणि त्यातून किती वाफ निघते ते मास स्पेक्ट्रोमीटरनं टिपायचं. पुन्हा भिंत आडवी येते. नायट्रिक आम्ल हे महाचिकट. नळी, झडप, कप्पा, वाटेत जे भेटेल त्याला बिलगतं. दाब स्थिर झाला असं वाटावं, तर भिंत अजून पितच असते. दाब कमी करावा, तर भिंत आधी प्यायलेलं परत सोडते. अशा प्रयोगात मोजायच्या आधी वाट बघावी लागते. खूप वेळ. संधिवाताचं दुखणं सोसायला लागतो, तसा धीर लागतो.

त्या धीराचं फळ एका आलेखावरच्या रेषेत उमटतं. आकाशातल्या प्रमाणात निव्वळ बर्फ बनायला साधारण उणे पंच्याऐंशी अंश लागतात. नॅटला उणे अठ्ठ्याहत्तर पुरतात.

फक्त सात अंशांचा फरक. स्वयंपाकघरात तो कुणाच्या लक्षातही येणार नाही. आइस्क्रीमच्या गाडीवर ज्या ड्राय आइसचा धूर तुम्ही पाहता, तो उणे साडेअठ्ठ्याहत्तरला असतो. म्हणजे नॅटची भिंत उभी राहायला ड्राय आइसएवढी थंडी बस्स. पण अंटार्क्टिकावर या सात अंशांमुळे ढगांचा मोसम आधी सुरू होतो, उशिरा संपतो आणि कितीतरी मोठं क्षेत्र व्यापतो. उत्तर ध्रुवावर तर याहून जास्त बिघडतं. तिथलं आकाश उणे पंच्याऐंशीला क्वचितच पोचतं, पण उणे अठ्ठ्याहत्तरला बऱ्याच हिवाळ्यांत पोचतं.

हॅन्सन पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डरला जातील. तिथे म्हैसूर विद्यापीठातून शिकून गेलेले ए. आर. रविशंकर यांच्याबरोबर ते मोजतील, की हायड्रोजन क्लोराइड पुरेसा असेल तर क्लोरीनची ठेव नॅटच्या पृष्ठभागावरही बर्फाइतक्याच झपाट्यानं मोडते. १९९१ चा तो निबंध. भिंत पांढऱ्या पाण्याची असो की आम्लाची, तिचे हात तसेच आहेत.

किरुना, उत्तर स्वीडन : २५ जानेवारी २०००

एवढं सगळं झालं, तरी एक गोष्ट राहिली होती. नॅट प्रयोगशाळेत होतं, समीकरणात होतं, लेसरच्या प्रतिध्वनीत त्याचा भास होता. पण प्रत्यक्ष ढगातला कण पकडून ‘हे बघा, तीन पाणी, एक आम्ल’ असं बारा वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. मधल्या काळात तर असं दिसलं होतं, की पुष्कळ ध्रुवीय ढग गोठलेले नसतातच. गंधकाम्ल, नायट्रिक आम्ल आणि पाणी यांचे अतिथंड द्रव थेंब असतात. संशयाला वाव होता.

जानेवारी. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला दिवस म्हणजे थोड्याच तासांचा तिरपा उजेड. नशीब असेल तर अशा दिवशी आकाशात शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंग उमटतात. डोंगरांवरून वर फेकल्या गेलेल्या हवेच्या लाटांत ढग गोठतात आणि खाली बुडालेला सूर्य त्यांना अजून दिसत असतो.

फुगा सुटतो. त्याच्याखाली लटकलाय तो मास स्पेक्ट्रोमीटर, आणि तो बांधणाऱ्या हायडेलबर्गच्या गटाचे प्रमुख तेच, कॉनराड माउअर्सबर्गर. मिनिआपोलिसच्या खोलीत ज्यांनी नॅटची रेषा काढली, ते आता ती आकाशात शोधतायत. मोहिमेच्या निबंधावर पहिलं नाव क्रिस्टियाने फोइग्ट यांचं असेल.

वीस किलोमीटरच्या वर फुगा ढगात शिरतो. कण एका अरुंद झोतात ओढले जातात, तापवले जातात आणि त्यांची वाफ तोलली जाते. पाणी किती, आम्ल किती. ढगाच्या काही थरांत ते गुणोत्तर एका आकड्याजवळ येऊन स्थिरावतं.

तीन.

त्याच हिवाळ्यात, त्याच किरुनाहून उडालेल्या ईआर-२ वर फाहे यांच्या गटाला नायट्रिक आम्लाचे भलेमोठे कण भेटले, दहा ते वीस मायक्रॉन व्यासाचे. माणसाच्या केसापेक्षा बारीक, पण त्या उंचीवर धोंडेच. त्यांना नाव पडलं ‘नॅट रॉक्स’. असे कण स्वतःच्या वजनानं खाली पडतात आणि नायट्रोजन कायमचा घेऊन जातात. क्लोरीनला पुन्हा ठेवीत घालणारा पोलीस त्या उंचीवरून हद्दपार होतो.

घर : आज

फ्रीजरचं दार अजून उघडंच आहे. तळहातावरचं हिम वितळलंय, थेंब मनगटावरून ओघळतोय. दार लावा, बिल वाढेल.

मोलिना, रोलँड आणि क्रुट्झन यांना १९९५ मध्ये नोबेल मिळालं. मोलिना ७ ऑक्टोबर २०२० ला वारले. ते ढग मात्र दर हिवाळ्यात ध्रुवांवर येतात आणि येत राहतील. बर्फ आणि नायट्रिक आम्ल ही निसर्गाची मालमत्ता. ती भिंत पाडायची सोय नाही आणि गरजही नाही. क्लोरीन आपण पाठवला होता, आणि तेवढंच थांबवणं आपल्या हातात होतं. १ जानेवारी २०१० पासून आपल्यासारख्या विकसनशील देशांतही सीएफसीचं उत्पादन, काही अत्यावश्यक वापर सोडता, बंद झालं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला साधारण २०६६ च्या सुमारास परतेल.

इतका उशीर का, ते तुमच्या फ्रीजच्या मागे लिहिलेलं आहे. सीएफसी-१२ चा रेणू हवेत सरासरी शंभर वर्षं टिकतो. १९८७ मध्ये, मोलिनांच्या नळीत बर्फ धरत होता त्या वर्षी, एखाद्या घरच्या फ्रीजमधून ‘गेलेल्या’ गॅसपैकी सुमारे दोन तृतीयांश अजूनही वरच आहे.

म्हणून एक काम करा. घरात, गावच्या घरात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली एखादा फार जुना फ्रीज धूळ खात पडला असेल, तर त्याच्या मागची पट्टी वाचा. तिच्यावर आर-१२ किंवा सीएफसी-१२ लिहिलेलं दिसलं, तर तो तसाच भंगारवाल्याच्या हवाली करू नका. तो पहिल्या फटक्यात तांब्याची नळी तोडेल आणि फुस्स असा आवाज येईल. आधी गॅस काढून साठवू शकणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला बोलवा. तो फुस्स आवाज कुठे जाऊन संपतो, हे आता तुम्हाला माहीत आहे.